सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली आणि बारा गायकांची मागणी

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला, एका ईस्टरच्या रविवारी, गायला हजर होती ती फक्त मुले आणि खर्जात गाणारा एकच मोठा माणूस. हा एकटा माणूसही पेशाने गायक नव्हता. तो डीनच्या, म्हणजे कॅथीड्रलच्या मुख्य पाद्र्याच्या, घरचा बटलर होता. ईस्टर हा ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा सण, आणि त्याच दिवशी कॅथीड्रलचा गायकवृंद रिकामा असावा याचे कारण तिथल्या व्यवस्थेत होते. हेरफर्डचे प्रौढ गायक सगळे दीक्षा घेतलेले पाद्री होते. आसपासच्या गावांतली चर्चेसही त्यांच्याकडे सोपवलेली असत आणि सणाच्या दिवशी त्यांना आपापल्या गावी उपासना चालवावी लागे. कॅथीड्रलचा ऑर्गनवादक तेव्हा पंचविशीच्या आतला होता. जे आवाज हाताशी होते त्यांच्यासाठीच त्याने एक अँथम रचले, म्हणजे बायबलमधल्या वचनांवरची गायकवृंदासाठीची रचना. ‘ब्लेसेड बी द गॉड अँड फादर’ हे तिचे नाव, आणि त्या तरुणाचे नाव सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली.

पेत्राच्या पहिल्या पत्रातली वचने घेऊन बांधलेली ही रचना आजही इंग्लंडभर गायली जाते. तिची घडण लक्ष देऊन ऐकली तर त्या दिवसाची अडचण तिच्यात अजून दिसते. मधला सर्वांत कोवळा भाग मुलांचा आहे: एक मुलगा ‘एकमेकांवर निर्मळ मनाने प्रीती करा’ अशा अर्थाची ओळ गातो आणि बाकीची मुले त्याला उत्तर देतात. पुरुषांच्या वाट्याला आलेली वचने एका सुरात, बोलल्यासारखी, पठणाच्या अंगाने जातात. तिथे स्वरांची गुंतागुंत मुळीच नाही. ‘सर्व मानवजात गवतासारखी आहे’ हे शब्द खालच्या आवाजात संपतात न संपतात तोच ऑर्गन पूर्ण ताकदीनिशी एक स्वरसमूह उभा करतो, आणि ‘परंतु प्रभूचे वचन सर्वकाळ टिकते’ हा शेवटचा भाग उसळून पुढे येतो. सात-आठ मिनिटांच्या या रचनेत उणीव झाकण्याची धडपड कुठेही जाणवत नाही. एका बटलरला जेवढे पेलेल तेवढेच त्याच्याकडून घ्यायचे आणि उरलेला भार मुलांवर व वाद्यावर टाकायचा, हा हिशेब इतका अचूक आहे की ही रचना दुसऱ्या कोणत्या रीतीने करता आली असती असे ऐकताना वाटत नाही.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण वेस्लीचे पुढचे सगळे आयुष्य त्यात बीजरूपाने आहे. जे नाही त्याबद्दल तो आयुष्यभर भांडला, आणि जे आहे त्यासाठी आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्याविषयी लिहिणारे बहुधा यांपैकी एकच बाजू उचलतात: कोणी त्याला तापट व भांडखोर म्हणून रंगवतात, कोणी व्हिक्टोरियन चर्चसंगीताचा मेरुमणी म्हणून. माझ्या मते त्याचे भांडण आणि त्याचे संगीत वेगळे काढता येत नाही.

त्याचा जन्म १४ ऑगस्ट १८१० रोजी लंडनमध्ये झाला. आजोबा चार्ल्स वेस्ली हे इंग्रजीतले सर्वांत मोठे भक्तिगीतकार, आणि आजोबांचे बंधू जॉन वेस्ली हे मेथडिस्ट पंथाचे संस्थापक. वडील सॅम्युएल वेस्ली हे त्या काळचे अव्वल ऑर्गनवादक, पण त्यांचे घर चारचौघांसारखे नव्हते. विवाहित पत्नीपासून ते वेगळे झाले होते आणि घर सांभाळणाऱ्या सेरा सूटरबरोबर राहत होते. सॅम्युएल सेबॅस्टियन हा या दोघांचा मुलगा. धर्मोपदेशकांच्या घराण्यात विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाने पुढे धर्मसंस्थेच्याच नोकरीत उभे आयुष्य काढायचे, याचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला असेल याचा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतो. मात्र त्यावरून त्याच्या स्वभावाचे निदान करणे मला उचित वाटत नाही. वडिलांनी त्याला एक मोठी गोष्ट दिली. जर्मन रचनाकार योहान सेबॅस्टियन बाखचे संगीत इंग्लंडला परिचित करून देण्यासाठी झटणाऱ्यांत ते आघाडीवर होते. कार्ल फ्रीडरिख होर्न यांच्यासह त्यांनी बाखच्या अठ्ठेचाळीस प्रील्यूड-फ्यूगांची इंग्लंडमधली आवृत्ती १८१० पासून काढायला घेतली आणि त्याच वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नावात बाखचे नाव गुंफले.

लहानपणी तो राजघराण्याच्या चॅपेल रॉयलमध्ये विल्यम हॉज यांच्या हाताखाली गायला. हॉज कडक शिस्तीचे होते, पण मुलांना घडवणारे होते. आवाज फुटल्यावर लंडनच्या एकेका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत, रंगभूमीच्या संगीतातही हात घालत तो १८३२ साली हेरफर्डला पोचला.

इथे दोन गोष्टी स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिली वाद्याविषयी. मराठी माणसाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकाच्या रंगमंचाशी ठेवलेली, पायांनी भाता मारायची पेटी आठवते. कॅथीड्रलचा ऑर्गन म्हणजे शेकडो, कधी हजारो नळ्यांचे वाद्य. त्यात वारा भरण्यासाठी त्या काळी भाते ओढणारी माणसे वेगळी नेमावी लागत. हातांसाठी सुरांच्या पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा एकावर एक आणि पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या खाली. जर्मनीत पायांच्या पट्ट्यांवर स्वतंत्र स्वरावली वाजवण्याची परंपरा बाखच्याही आधीपासून होती. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही हा भाग बहुतेक ठिकाणी अर्धामुर्धा होता. बाखवर वाढलेल्या वेस्लीला तो पूर्ण हवा होता, आणि पायांनी ऑर्गन वाजवण्यात त्याच्या तोडीचे इंग्लंडमध्ये थोडेच होते.

दुसरी गोष्ट कॅथीड्रलच्या नित्यक्रमाविषयी. इंग्लंडच्या कॅथीड्रलांमध्ये रोजची उपासना गाऊन होते, आणि तिच्यासमोर किती माणसे बसली आहेत याच्याशी तिचा संबंध नसतो. आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांत काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतची नित्यसेवा जशी भाविकांची संख्या मोजून होत नाही, तसेच ते आहे. ही सेवा चालवायला मूळ दात्यांनी जमिनी आणि उत्पन्ने लावून दिलेली होती. मुलांच्या शिक्षणासाठी, पुरुष गायकांच्या वेतनासाठी, ऑर्गनवादकासाठी. अठराव्या शतकात या उत्पन्नांचा मोठा वाटा डीन आणि कॅनन (वरिष्ठ पाद्री) यांच्या मंडळाकडे, म्हणजे चॅप्टरकडे, वळत गेला. गायकांच्या जागा रिकाम्या ठेवल्या जाऊ लागल्या. एकच गायक दोन-दोन ठिकाणी नोकरी धरून दोन्हीकडे अधूनमधून उगवू लागला. मुलांची तर याहून दैना होती. मारिया हॅकेट नावाच्या एका लंडनकर बाईंनी या मुलांच्या शिक्षणाचा हक्क मागत कॅथीड्रलामागून कॅथीड्रल पालथे घातले आणि त्यात आपले आयुष्य खर्ची घातले. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण वेस्लीच्या काळाची कल्पना यावी म्हणून त्यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे.

हेरफर्डला आल्या आल्या दुरुस्त झालेल्या ऑर्गनच्या उद्घाटनासाठी वेस्लीने ‘द वाइल्डरनेस’ रचले. बायबलमधल्या यशयाच्या पस्तिसाव्या अध्यायातले ते शब्द: ओसाड रान आनंदित होईल, वाळवंट फुलेल, आणि शेवटी दुःख व उसासे पळून जातील. इंग्लंडच्या चर्चमध्ये अशा ताणाचे, अशा वळणांचे संगीत त्याआधी कोणी ऐकले नव्हते. ऑर्गनचे पाय इथे स्वतःच्या चालीने चालतात, गायकांच्या मागे रखडत नाहीत. आणि शेवटचा भाग उसासे विरत जावेत तसा हळूहळू हलका होत जातो. ही रचना त्याने ग्रेशम पारितोषिकासाठी पाठवली. परीक्षकांपैकी एक, आर. जे. एस. स्टीव्हन्स, यांनी तिच्यावर शेरा मारला की ही चलाख गोष्ट आहे, पण हे कॅथीड्रलचे संगीत नव्हे. पारितोषिक मिळाले नाही. स्टीव्हन्स यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही; जुन्या शैलीची शुद्धता जपण्यासाठीच ते पारितोषिक होते आणि त्यांनी आपले काम प्रामाणिकपणे केले. परंतु कॅथीड्रलचे संगीत म्हणजे होऊन गेलेले संगीत, ही समजूत वेस्लीला जन्मभर आडवी आली.

१८३५ साली त्याने डीन मेरीवेदर यांची बहीण मेरी ॲन हिच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी तो एक्सेटरला गेला. एक्सेटरची वर्षे कडू होती. चॅप्टरशी खटके उडाले, आणि एका प्रसंगी त्याने गायकवृंदातल्या दोन मुलांना मारले. या गोष्टीचे समर्थन करता येत नाही. हॉज यांच्या शाळेत त्याने स्वतः असेच दिवस काढले होते, एवढे म्हणूनही ती हलकी होत नाही. याच वर्षांत त्याने १८३९ साली ऑक्सफर्डची संगीतातली डॉक्टरेट मिळवली, आणि याच वर्षांत त्याची एकुलती मुलगी तान्ही असताना गेली. ‘वॉश मी थ्रूली’ ही बायबलमधल्या एक्यावन्नाव्या स्तोत्रावरची छोटी रचना याच काळातली. मला धुऊन स्वच्छ कर, अशी ती याचना आहे. सुरुवातीला मुलाचा एकटा आवाज, मग बाकीचे. सुरावट एकेका पायरीने चढते आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या स्वराला नंतरचा स्वर बोचत राहतो. सोडवणूक मिळते, पण उशिरा मिळते. ख्यालाच्या बैठकीत वाढलेल्या माझ्या कानांना अनेक स्वर एकाच वेळी ऐकण्याची सवय व्हायला वर्षे लागली; ती सवय ज्या रचनांनी लावली त्यांत ही पहिली म्हणावी लागेल, कारण इथे दोन स्वर एकमेकांना का बोचतात हे शब्दांच्या अर्थातून आपोआप कळते.

लीड्समध्ये त्याला सर्वांत चांगली वागणूक मिळाली, आणि ते कॅथीड्रल नव्हते ही ध्यानात घेण्यासारखी बाब आहे. लोकरीच्या गिरण्यांच्या या शहराचे मुख्य पॅरिश चर्च, म्हणजे स्थानिक वस्तीचे चर्च, १८४१ साली नव्याने बांधून झाले. तिथले व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, वॉल्टर फारक्वार हुक यांनी रोजच्या गायलेल्या उपासनेचा आग्रह धरला, चांगला गायकवृंद उभा केला आणि वेस्लीला वर्षाला २०० पौंडांच्या वेतनाची दहा वर्षांची हमी देऊन बोलावले. ज्या संस्थांना शतकानुशतकांची उत्पन्ने होती त्यांना जे जमले नाही, ते एका गिरणगावाच्या चर्चने वर्गणीच्या बळावर करून दाखवले.

लीड्समध्येच ‘सर्व्हिस इन ई’, म्हणजे उपासनेतल्या नित्य गीतांची संगीतरचना, १८४५ साली छापून निघाली. डिसेंबर १८४७ मध्ये यॉर्कशरातल्या हेल्म्सलीजवळ मासे धरायला गेला असताना तो पडला आणि त्याचा पाय वाईट रीतीने मोडला. मासेमारीचे त्याला वेड होते. कित्येक महिने तो तिथेच अंथरुणाला खिळून होता, आणि त्या काळात त्याने पुन्हा एक्यावन्नावे स्तोत्र हाती घेतले. ‘कास्ट मी नॉट अवे’ या रचनेच्या शेवटी, तू मोडलेली हाडे आनंदित होवोत, ही ओळ येते. मोडण्याच्या शब्दावर त्याने जे कर्कश स्वरमेळ ठेवले आहेत ते ऐकले की हे शब्द त्या अंथरुणावर निवडले गेले याविषयी शंका उरत नाही. स्वतःचे दुखणे स्तोत्रात घालताना त्याने स्तोत्राचा तोल कुठेही बिघडू दिला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. सहा आवाजांची वीण शेवटपर्यंत जुन्या आचार्यांच्या शिस्तीत चालते.

आणि मग १८४९ साली त्याची पुस्तिका आली: ‘कॅथीड्रल संगीत आणि चर्चची संगीतव्यवस्था यांविषयी थोडे शब्द, सुधारणेच्या योजनेसह’, असे तिचे लांबलचक नाव. शब्द थोडे नव्हते आणि सौम्यही नव्हते. राजधानीत कला शिकून गावाकडच्या कॅथीड्रलमध्ये रुजू होणाऱ्या तरुण संगीतकाराची अवस्था तो वर्णितो: समोरच्या चुका आणि हलकेपणा नेहमीचाच आहे, त्यावर इलाज नाही, यावर त्या तरुणाचा आधी विश्वासच बसत नाही, कोणालाही न दुखवता हळूहळू सुधारणा करू असे तो ठरवतो, आणि थोड्याच दिवसांत त्याला कळते की इथे त्याचा सल्ला नको आहे, संमती हवी आहे. हे वाचताना आपण एका संगीतकाराचे गाऱ्हाणे वाचत आहोत हे मी विसरलो. कुठल्याही जुन्या संस्थेत ज्याने मन लावून काम केले आहे त्याला यातला शब्द न् शब्द ओळखीचा वाटेल.

पण पुस्तिकेचे खरे मोल तिच्या आकड्यांत आहे. कॅथीड्रलचा गायकवृंद समोरासमोर दोन बाजूंना बसतो. एका बाजूने म्हटलेल्या ओळीला दुसरी बाजू उत्तर देते. प्रत्येक बाजूला पुरुषांचे तीन आवाज लागतात: वरचा आल्टो, मधला टेनर आणि खालचा बास. एका आवाजाला एकच माणूस ठेवला तर त्याला सर्दी झाल्याबरोबर ती बाजू लंगडी पडते, म्हणून प्रत्येकी दोन. दोन बाजू, तीन आवाज, दोन-दोन माणसे, असे बारा झाले. बाराच्या खाली कधीही जाऊ नये, आणि रोज बारा हजर राहावेत म्हणून प्रत्येक प्रकारचा एक असे आणखी तीन राखीव ठेवावेत, अशी त्याची मागणी. बारा गायकांना वर्षाला ८५ पौंड मिळावेत, आणि त्यांनी पोटासाठी दुसरा धंदा करू नये असे वाटत असेल तर १०० ते १५० पौंड. ऑर्गनवादक हा रचनाकार म्हणूनही अव्वल असावा आणि त्याला ५०० ते ८०० पौंड मिळावेत. संगीतकारांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यालय असावे, आणि संगीताचे निर्णय संगीत जाणणाऱ्यांनी घ्यावेत.

ऑर्गनवादकाच्या वेतनाचा आकडा पाहून त्याला लोभी म्हणणारे तेव्हाही होते, आणि पैशाच्या बाबतीत तो काटेकोर होता हे खरेच आहे. तरीही मला त्या योजनेत लोभापेक्षा हिशेबीपणा अधिक दिसतो. १८३६ नंतर सरकार चर्चच्या मालमत्तेची फेररचना करत होते, १८४० च्या कायद्याने कॅननांच्या जागा कमी होऊन वाचलेला पैसा नव्या पॅरिशांकडे वळत होता, आणि या वाटपात संगीताचा कोणी वाली नव्हता. अशा वेळी, देवाच्या सेवेला सुंदर संगीत हवे, असे मोघम बोलणाऱ्यांची कमतरता नसते. किती माणसे, किती पगार, आजारपणात कोण, हे सांगणारा माणूस दुर्मीळ असतो, आणि तो सर्वांना नकोसा होतो. भक्तीला खर्च असतो, आणि तो कोणीतरी मोजून मांडला पाहिजे, हे वेस्लीने जितक्या स्पष्टपणे सांगितले तितके त्याच्या काळात दुसऱ्या कोणी सांगितलेले मला ठाऊक नाही.

त्याच वर्षी तो विंचेस्टरला गेला आणि पुढची सोळा वर्षे तिथे राहिला. इथे त्याचे वर्तन त्याच्या पुस्तिकेशी जुळत नाही. तो गैरहजर राहू लागला, ऑर्गनवर शिष्यांना बसवून नदीकाठी जाऊ लागला, आणि चॅप्टरने त्याला त्याबद्दल ताकीद दिली. गायकांनी रोज हजर असावे म्हणून ज्याने हिशेब मांडला तोच हजर राहीना, हे मनाला लागते. दोन दशके एकाच भिंतीवर डोके आपटलेल्या माणसाचा थकवा, असे स्पष्टीकरण मी स्वतःला देतो. पण चॅप्टरच्या जागी बसून पाहिले तर त्यांचाही राग समजू शकतो. विंचेस्टरला त्याच्यामुळे एक मोठी गोष्ट मिळाली. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात हेन्री विलिस यांनी मांडलेला प्रचंड ऑर्गन चॅप्टरने त्याच्या शिफारशीवरून विकत घेतला, आणि थोडा आटोपशीर करून तो १८५४ साली कॅथीड्रलमध्ये उभा राहिला.

ऑर्गनच्या जुळवणीविषयीचा त्याचा हट्ट आपल्याकडच्या वाचकाला विशेष रंजक वाटेल. सर्व स्वरांतरे सारखी करून वाद्य जुळवण्याची पद्धत तेव्हा इंग्लंडमध्ये पसरत होती. वेस्लीचा तिला विरोध होता. जुन्या असमान जुळवणीत नेहमीच्या पट्ट्यांतले स्वरमेळ शुद्ध आणि गोड लागतात, दूरच्या पट्ट्या मात्र बेसूर होतात, आणि ही किंमत त्याला मान्य होती. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधल्या १०० स्टॉपांच्या, म्हणजे नळ्यांच्या वेगवेगळ्या संचांच्या खुंट्यांच्या, नव्या ऑर्गनचा आराखडा त्याचा होता, आणि १८५५ साली तो खुला झाला तेव्हा त्याची जुळवणी अशीच असमान होती. नवल हे की त्याच्या स्वतःच्या रचना दूरदूरच्या पट्ट्यांत बिनदिक्कत भटकतात. हार्मोनियमच्या ठरीव स्वरांवरून आपल्याकडे विसाव्या शतकात जो वाद झाला, तो ज्यांनी वाचला असेल त्यांना वेस्लीच्या हट्टामागचा कान ओळखता येईल.

१८५३ साली त्याचे ‘बारा अँथम’ छापून निघाले, आणि त्याचे श्रेष्ठ म्हणावे असे बहुतेक काम या एका ग्रंथात आहे. त्यातले ‘दाऊ विल्ट कीप हिम इन परफेक्ट पीस’ मी पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकले ते ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये, एका साध्या कामाच्या दिवशीच्या इव्हन्साँगला, म्हणजे गायलेल्या सायंप्रार्थनेला. कामानिमित्त इंग्लंडात राहणे झाले तेव्हा अशा प्रार्थनांना जाऊन बसण्याची मला सवय लागली होती. तिथे कोणी नाव विचारत नाही, श्रद्धा विचारत नाही. गायकवृंदाच्या मागच्या आसनांवर आम्ही मोजकेच लोक होतो. ज्याचे मन तुझ्यावर स्थिर आहे त्याला तू पूर्ण शांतीत ठेवशील, हे यशयाचे वचन पाच आवाज इतक्या संथपणे उलगडतात की पहिले काही क्षण लय आहे की नाही असा प्रश्न पडतो. मग अंधार आणि उजेड तुला सारखेच, हे शब्द येतात तेव्हा आवाज खाली उतरतात. ‘माझा जीव वाचो, म्हणजे तो तुझे स्तवन करील’ या याचनेवर संगीत एकदाच पूर्ण उंची गाठते. आणि पुन्हा पहिल्या वचनाकडे येते. शांतीविषयी लिहिलेल्या या रचनेत ती उंची नसती तर शांती गोडगोड वाटली असती. ज्याच्या आयुष्यात शांती फारशी नव्हती त्याला ती नेमकी कशी असते हे ठाऊक होते, एवढेच मला म्हणता येईल.

‘अस्क्राइब अन्टू द लॉर्ड’ या त्याच्या मोठ्या रचनेबद्दल मात्र माझे मन दुभंगते. तिच्यात एकशे पंधराव्या स्तोत्रातला मूर्तींवरचा उपहास आहे: तोंड आहे पण बोलत नाहीत, डोळे आहेत पण पाहत नाहीत. वेस्लीने त्याला चपळ, टोकदार चाल दिली आहे आणि गायकवृंद ती चवीने गातो. मूर्तिपूजक घरात वाढलेल्या माणसाला ते पहिल्यांदा ऐकताना अवघडल्यासारखे होते, आणि मलाही झाले. नंतर नामदेवांच्या अभंगातला न बोलणारा दगडाचा देव आठवला. आतून आलेला तो प्रश्न आणि बाहेरून आलेला हा उपहास यांत अंतर आहेच, आणि ते मला आजही जाणवते. संगीत उत्तम आहे म्हणून ते अंतर पुसले जाते असे मला वाटत नाही.

मोठ्या रचनांच्या मानाने ‘ऑरेलिया’ ही १८६४ ची छोटी चाल. ती सुवर्णमय यरुशलेमेच्या गीतासाठी रचलेली होती. पुढे सॅम्युएल जॉन स्टोन यांच्या ‘द चर्चेस वन फाउंडेशन’ या गीताला ती जोडली गेली आणि जगभर गेली. ज्यांनी वेस्लीचे नावही ऐकलेले नाही अशा असंख्य माणसांना ही चाल पाठ आहे.

१८६५ मध्ये ग्लॉस्टरच्या चॅप्टरने नवा ऑर्गनवादक निवडण्यासाठी त्याचा सल्ला मागितला, तेव्हा ही जागा मीच घेतो, असे त्याने सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. जवळच्या हायनमला वाढलेल्या आणि पुढे नामवंत रचनाकार झालेल्या ह्यूबर्ट पॅरीने त्याचे उत्स्फूर्त वादन तरुणपणी ऐकले आणि आपल्या रोजनिशीत भारावून त्याचे वर्णन केले. ग्लॉस्टरच्या थ्री कॉयर्स महोत्सवात १८७१ साली वेस्लीने बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांच्या कथेवरची भव्य रचना, सादर केले. ज्या बाखसाठी वडील झटले होते त्याचे सर्वांत मोठे काम मुलाने इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका कॅथीड्रलात उभे केले. १८७३ साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्याला नाइटहूड किंवा वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन यांपैकी एक निवडायला सांगितले. त्याने निवृत्तिवेतन घेतले. १९ एप्रिल १८७६ रोजी तो ग्लॉस्टरमध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला एक्सेटरला, तान्हेपणी गेलेल्या मुलीशेजारी पुरण्यात आले.

त्याच्या मागण्यांपैकी काही इतरांनी पुऱ्या केल्या. फ्रेडरिक औसली यांनी १८५६ साली टेनबरीला रोजच्या गायलेल्या उपासनेसाठी आदर्श म्हणावे असे महाविद्यालय स्थापले. जॉन स्टेनर यांनी १८७२ पासून लंडनच्या सेंट पॉल्समध्ये गायकवृंदाला शिस्त आणि संख्या दोन्ही मिळवून दिली. चर्चसंगीताच्या शिक्षणासाठी १९२७ साली सिडनी निकल्सन यांनी जी संस्था सुरू केली ती आजची रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक. बाराचा आकडा मात्र अजून सगळीकडे गाठलेला नाही. आजही अनेक इंग्लिश कॅथीड्रलांत रोजच्या सायंप्रार्थनेला सहा पुरुष गायक उभे राहतात, एका आवाजाला बाजूला एकच. त्यांतले बहुतेक दिवसभर दुसरी नोकरी करून येतात. ज्या पुस्तिकेत या सहांना आणखी सहा जोडा असे लिहिले आहे तिचा कागद आता पावणेदोनशे वर्षांचा झाला आहे, आणि कॅथीड्रलांच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत गायकांच्या वेतनाचा विषय निघतो तेव्हा तिथे तिची एक प्रत टेबलावर असायला हवी.